अण्णांनी काढलेली नावं

नारायणगावच्या एसटी स्टँडवर एखादा अनोळखी माणूस जवळ येऊन "पावणं, जरा फोन द्या बरं तुमचा" असं म्हणाला, तर तुम्ही काय कराल? बहुतेक लोक खिशावर हात ठेवायचे. काही जण उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसायचे. एका कंडक्टरनं तर एकदा रोहिदासअण्णांचा दंड धरून पोलिसांना बोलावण्याची भाषा केली होती. पण अण्णांना त्याचं काही वाटत नसे. दहातले चार जण फोन देत आणि अण्णांना तेवढे पुरत.

फोन हातात आला की ते चष्मा कपाळावर चढवत, फोन हातभर लांब धरत आणि एका बोटानं टाइप करत. 'लेण्याद्रीजवळ राहण्याची सोय.' 'टोमॅटो रोपे नारायणगाव.' मग ओठ हलवत वरून खाली मोजत यायचे. आपल्या माणसाचं नाव पहिल्या पानावर दिसलं की "लई उपकार झाले" म्हणून फोन परत. स्वतःच्या फोनवर का बघत नाही, असं मी विचारलं होतं. तर म्हणाले, "आपल्या फोनला आपली सवय झालेली असती, ताई. तो आपल्या मनासारखं दावतो. खरं बघायचं तर परक्याचाच फोन पायजे." हे ते चुकीचं बोलत नव्हते. पण त्यापायी आमचं ऑफिस रोज पाऊण तास उशिरा उघडायचं आणि मी कुलपासमोर उभी राहून चरफडत असायची.

मी त्यांच्याकडे अकरा वर्षं कामाला होते. आले तेव्हा ती छापखान्याची जागा होती. स्टँडच्या मागच्या गल्लीत एक खोली, एक ऑफसेट मशीन, आणि मी संगणकावर मजकूर जुळवायला. काम मुख्यतः लग्नपत्रिकांचं. आता आमच्या जुन्नर-आंबेगावकडची लग्नपत्रिका ज्यानं पाहिली नसेल त्याला पुढचं कळायचं नाही. तिच्यात नवरा-नवरीचं नाव मधे कुठंतरी असतं. बाकी कागदभर माणसं. निमंत्रक, प्रेषक, संयोजक, व्यवस्थापक, समस्त भावकी, समस्त मित्रमंडळ, आणि सगळ्यात खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी दीड-दोन वर्षांची पोरं. ज्याचं नाव राहिलं तो माणूस लग्नाला येतो, जेवतो, आणि मग तीन वर्षं बोलत नाही.

अण्णांच्या हातून असं एक नाव राहिलं होतं. नवरदेवाच्या थोरल्या मामाचं. सहाशे पत्रिका छापून झाल्यावर ते ध्यानात आलं. अण्णांनी मामाच्या नावाच्या सहाशे पट्ट्या छापल्या, कापल्या आणि दोन दिवस मांडी घालून एकेक चिकटवत बसले. पट्टी अशी बेमालूम बसवली होती की मला दाखवूनही दिसेना. पण पत्रिका द्यायला गेले तेव्हा मामांनी ती उन्हात तिरकी धरली आणि पट्टीच्या कडेवरून नख फिरवलं. अण्णा सांगायचे, "त्या नखाचा आवाज अजून कानात हाये माझ्या." ही गोष्ट त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी सांगताना ते टेबलाच्या कडेवरून नख फिरवायचे.

पुढे पत्रिका फोनवर गेल्या, मशीन बंद पडलं, आणि अण्णा वयाच्या छपन्नाव्या वर्षी हिंदी व्हिडिओ बघून वेबसाइट करायला शिकले. लोक हसले. मीही हसले, पण पगार मिळत होता म्हणून तोंड फिरवून. वर्षभरात त्यांनी गिऱ्हाइकं जमवली. रोपवाटिका, ट्रॅक्टरचं गॅरेज, मंगल कार्यालय, दातांचा दवाखाना, द्राक्षाचा मळा. वेबसाइट करणं सोपं होतं, ती लोकांना सापडणं अवघड. त्यासाठी दुसऱ्यांच्या वेबसाइटवरून आपल्याकडे लिंक यावी लागते, हे त्यांना व्हिडिओतून कळलं, आणि ते त्यांना इतकं पटलं की मला हातातलं काम ठेवायला लावून समजावून सांगितलं. "ह्याला ब्याकलिंक म्हणत्यात. म्हंजे काय? दुसऱ्यानं आपलं नाव घ्यायचं. आपण आपलंच घेतलं तर कोण इचारतंय? चार जणांनी घेतलं की सर्चवाल्याला वाटतं, माणूस बरा दिसतोय. मग त्यो वर बसवतो." मी म्हटलं, हे तर पत्रिकेसारखंच झालं. माझी ती जीभ तेव्हाच झडली असती तर बरं झालं असतं.

कारण अण्णांनी तेच केलं. प्रत्येक वेबसाइटच्या तळाशी त्यांनी 'आमचे स्नेही' म्हणून एक चौकट टाकली आणि तिच्यात बाकीच्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं, लिंकसकट. नवा माणूस आला की त्याचं नाव आधीच्या सगळ्यांच्या तळाशी, आणि सगळ्यांची नावं त्याच्या तळाशी. दाताच्या डॉक्टरखाली ट्रॅक्टरचं गॅरेज, गॅरेजखाली द्राक्षं. कुणाचंही नाव राहिलेलं नाही. एकेचाळीस वेबसाइट झाल्या तेव्हा प्रत्येकीखाली चाळीस आणि वर आमच्या ऑफिसचं एक अशी नावं होती. आणि हे चाललं, हे कबूल करायला पाहिजे. दोन वर्षं आमची माणसं पहिल्या पानावर होती.

तरी अण्णांना स्वस्थता नव्हतीच. तो त्यांचा स्वभाव नव्हता. खिशात लवंगा असायच्या, काळजी वाटली की एक तोंडात. महिन्याला किराण्यात लवंगाच जास्त येतात म्हणून त्यांची बायको, आमच्या काकू, वैतागायच्या. गिऱ्हाइकांना फोन येतात की नाही हे तपासायला ते आवाज बदलून स्वतःच फोन करायचे. "नमस्कार, मी पुण्याहून बोलतोय, रोपं मिळतील का?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "बोला अण्णा." ते इतके ओशाळायचे की दोन दिवस कुणाला फोन करायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा पुण्याहून बोलायचे.

मंदा, आमचं एकेचाळिसावं गिऱ्हाईक, आली ती तिच्या नवऱ्याच्या जीपमधून. लेण्याद्रीच्या पुढे पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला तिचं गाव. भात आणि नाचणीची शेती. नवरा जुन्नरपर्यंत जीप चालवायचा आणि ती आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. घराला लागून त्यांनी तीन खोल्या बांधल्या होत्या, पाहुणे ठेवायला. अण्णांनी तिची वेबसाइट केली, तळाशी चाळीस स्नेही बसवले, आणि महिन्याभरात पुण्या-मुंबईचे लोक शनिवार-रविवारी तिच्याकडे नाचणीची भाकरी खायला जायला लागले. जूनला शाळा उघडायच्या वेळी ती विचारायला आली. दोन्ही जमत नाही, काय करू? अण्णांनी लवंग न खाता सांगितलं, "सोड काम. मी हाये." तिनं सोडलं. आश्रमशाळेचे अधीक्षक भले गृहस्थ होते. त्यांनी तिच्या जागी बदली बाई ठेवली आणि सांगितलं, दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत थांबतो, नंतर मात्र जागा कायमची भरणार.

गणपती उठले आणि पाचव्या-सहाव्या दिवशी अण्णा ऑफिस उघडायला आलेच नाहीत. मी स्टँडवर गेले, तर ते एका कॉलेजच्या मुलीचा फोन धरून उभे. चेहरा घामानं डबडबलेला. मंदाचं नाव पहिल्या पानावर नव्हतं. दुसऱ्या, तिसऱ्या, आठव्या पानावरही नव्हतं. त्या दिवशी त्यांनी अकरा जणांचे फोन मागितले. मग रोपवाटिका बघितली, गॅरेज बघितलं, दवाखाना बघितला. एकेचाळीसच्या एकेचाळीस गायब. त्यांच्याबरोबर मीही बघत होते.

संध्याकाळी मंदाचा फोन आला. "अण्णा, चार दिस झाले कुणाचाच फोन न्हाई. माझ्या फोनला काय झालंय का?" अण्णा म्हणाले, "बघतो." फोन ठेवला आणि तीन लवंगा एकदम तोंडात टाकल्या.

कारण शोधायला आम्हाला आठवडा लागला. सर्चवाल्यांची नोटीस येऊन पडली होती, पण ती इंग्रजीत आणि जिथं आम्ही कधी बघत नव्हतो तिथं. मी ती वाचून दाखवली. तुमच्या वेबसाइटांवर अनैसर्गिक लिंक आहेत, आपापसात ठरवून एकमेकांना दिलेल्या. त्या काढा आणि मग फेरविचारासाठी अर्ज करा. अण्णांनी मला तो एक शब्द दोनदा वाचायला लावला.

"अनैसर्गिक?" ते म्हणाले. "माणसानं वळखीच्या माणसाचं नाव घेतलं, ह्यात अनैसर्गिक काय झालं?"

आमच्याकडे तर याहून नैसर्गिक काही नसतं. पण दूर कुठंतरी बसलेल्या यंत्राला दाताच्या डॉक्टरनं ट्रॅक्टरच्या गॅरेजची शिफारस का करावी हे कळत नव्हतं. खरं सांगायचं तर, तसं विचारल्यावर मलाही कळलं नाही.

आता काम उघड होतं. सगळे पासवर्ड आमच्याकडे होते. मी म्हटलं, दोन-तीन तास बसते, सगळ्या चौकटी काढून टाकते, उद्या अर्ज करू. दिवाळीला महिना-सव्वा महिना उरला होता. अण्णा म्हणाले, "न्हाई. टाकताना इचारलं व्हतं. काढताना बी इचारायला पायजे." मला वाटलं गंमत करतायत. पण त्यांनी कागद घेतला, एकेचाळीस नावं लिहिली, वर आपल्या ऑफिसचं नाव लिहिलं, ते पहिल्यांदा खोडलं, आणि दुसऱ्या दिवशी मोटारसायकलला किक मारून निघाले. लग्नाचं आवतण द्यायला जातात तसे घरोघर. फक्त हे आवतण उलटं होतं.

पहिल्या काही ठिकाणी मी बरोबर होते, कारण मोटारसायकलवरून त्यांना चक्कर येईल अशी काकूंना भीती वाटत होती. महाळुंगे पडवळला रोपवाटिकेच्या बाजीरावशेठकडे गेलो. चहा झाला, टोमॅटोचा बाजार झाला, लेकीची सोयरीक झाली. अण्णांनी दुसऱ्यांदा पाणी मागितलं. मग कसंबसं म्हणाले, तुमचं नाव काढायला आलोय. बाजीरावशेठना आधी समजलंच नाही. समजल्यावर चेहरा उतरला. मंदाच्या वेबसाइटखाली त्यांचं नाव तिसरं होतं आणि ते पाहुण्यांना फोनवर काढून दाखवायचे.

"माझं नाव आजवर कुणी काढलं न्हाई, अण्णा," ते हळू आवाजात म्हणाले. "मतदार यादीतून बी न्हाई. माझी काय चूक झाली तेवढं सांगा."

अण्णांनी कागद पुढे केला. "चूक माझी हाये. हे बघा, पयलं माझं खोडलंय."

बाजीरावशेठनी कागद हातात घेऊन वाचला. मग "खोडा" म्हणाले आणि उठून रोपांना पाणी सोडायला गेले. निरोप द्यायला फाटकापर्यंत आले नाहीत. परतीच्या वाटेवर अण्णांनी गाडी थांबवून लवंग खाल्ली.

असे अठरा दिवस गेले. एका दिवशी दोन घरं, कधी तीन. कुणी घरी नसलं की परत जायचं. कुणी चिडून म्हणालं, सगळी वेबसाइटच काढा, आमी पुण्याचा माणूस बघतो. अशी बरीच गेली. मी ऑफिसात बसून दिवस मोजत होते. एकीकडे मंदाचे फोन, दुसरीकडे आश्रमशाळेची तारीख, आणि हे गृहस्थ कुणाकडे तरी पिठलं-भाकरी खात बसलेले. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुमच्या या विचारण्यापायी त्या बाईची जागा जाईल. ते म्हणाले, "जाईल, ठावं हाये मला." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले.

शेवटची सात नावं राहिली होती तेव्हा मी ते केलं. त्यांना न विचारता बसले, सातही चौकटी काढल्या, अर्ज लिहिला आणि पाठवून दिला. मला अजूनही वाटतं, मी बरोबर केलं. संध्याकाळी अण्णांना सांगितलं. ते रागावतील म्हणून मी तयारी करून बसले होते. त्यांनी टेबलाच्या कडेवरून नख फिरवलं, कागद घडी करून खिशात ठेवला. पुढच्या चार दिवसांत ते त्या सातही जणांकडे जाऊन आले. नाव काढलंय, विचारायचं राहिलं, असं सांगायला. हे मला त्यांच्याकडून नाही, त्या गॅरेजवाल्याकडून कळलं.

मग वाट बघणं सुरू झालं. दिवाळी आली. आमच्या ऑफिसात लक्ष्मीपूजनाला अण्णांनी संगणकाला हळदकुंकू लावलं आणि त्याच्याकडे बघत हात जोडून इतका वेळ उभे राहिले की काकूंनी हाक मारली. उत्तर आलं ते आश्रमशाळा उघडायच्या चार दिवस आधी. बंदी उठली होती. मी आनंदानं ओरडलेच. अण्णा चप्पल न घालता स्टँडवर पळाले.

परत आले ते चालत. मंदाचं नाव सापडलं होतं, पण चौथ्या पानावर. चौथ्या पानापर्यंत कोण जातं? चाळीस जणांनी घेतलेली नावं गेली होती, आणि आता तिचं नाव घेणारं जगात कुणी नव्हतं. कुणाला सांगून घ्यायला लावायचं तर तोच गुन्हा.

दुसऱ्या दिवशी मंदा आली. जीपमधून उतरली आणि पदर खोचून दारातच उभी राहिली. "अण्णा, जाऊ का कामावर? उद्या सांगायचंय." आतापर्यंत अण्णांनी कधी कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. सगळ्यांना 'बघतो', 'होऊन जाईल', 'मी हाये'. मला वाटलं, आताही तेच म्हणतील.

"जा," अण्णा म्हणाले. "माझ्या शब्दावर थांबू नको. माझा शब्द चौथ्या पानावर हाये."

मंदानं पदर सोडला आणि ती गेली. अण्णा त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत, आणि मीही डबा तसाच परत नेला.

पौषात त्यांनी ऑफिस बंद केलं. गिऱ्हाइकं उरली नव्हती आणि छातीतही दुखायला लागलं होतं. आवराआवर करताना मी सवयीनं मंदाचं नाव शोधलं, आणि एका पानावर थबकले. पुण्याच्या एक निवृत्त शिक्षिका स्वतःच्या वेबसाइटवर लेण्यांविषयी लिहायच्या. श्रावणात त्या मंदाकडे राहिल्या होत्या आणि त्यावर आता कुठं लिहिलं होतं. लेण्याद्रीच्या पायऱ्या, गुडघे, वारा, सगळं लिहून शेवटी त्यांनी मंदाच्या भाकरीवर चांगल्या दहा-बारा ओळी लिहिल्या होत्या आणि तिच्या वेबसाइटची लिंक दिली होती. मी अण्णांना वाचून दाखवलं. मग त्यांनी स्वतः वाचलं, मोठ्यानं.

"ह्यांना आपण सांगितलं व्हतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंदानं?"

"तिला माहीतही नसेल."

"म्हंजे आपणहून," अण्णा म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले. त्या वेळी त्यांचा चेहरा बघवत नव्हता आणि दुसरीकडे बघवतही नव्हतं.

मी जुन्नरला एका शाळेच्या ऑफिसात लागले. रोज सकाळी नारायणगावच्या स्टँडवरून जीप. वैशाखात एके सकाळी जीप भरली होती, ड्रायव्हरनं गिअर टाकला होता, आणि मला पलीकडच्या बाकाजवळ अण्णा दिसले. फार वाळले होते. सदरा खांद्यावरून लोंबत होता. कुणा पागोटेवाल्या आजोबांचा फोन हातभर लांब धरून ओठ हलवत मोजत होते. मी हाक मारली. त्यांनी मान वर केली, मला ओळखलं आणि दोन बोटं दाखवली. दुसरं नाव. मंदा दुसरी आली होती. मी हसले, पण ते हसले नाहीत. कपाळावर आठी होती, पहिलं कोण आहे ही काळजी. जीप निघाली. मागं वळून बघितलं तर ते आजोबांना फोनमधलं काहीतरी दाखवत होते.

पुढच्या आठवड्यात ते गेले.

दशक्रियेला मीना नदीच्या घाटावर बाजीरावशेठ होते, गॅरेजवाला होता, पुण्याचा माणूस बघितलेलेही बरेच होते. मंदा आली होती. जूनला ती कामावर जाणार नव्हती. "ह्या बारीला कुणाला इचारलं न्हाई," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

तिथून मी स्टँडवर आले. जीपला वेळ होता. शेजारी एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कसं झालं मला माहीत नाही, पण मी त्यांना म्हटलं, "मावशी, जरा फोन देता का तुमचा?" त्यांनी आधी पिशवी घट्ट धरली, मग माझे डोळे बघून दिला असावा. मंदाचं नाव दुसरंच होतं. मी ते उघडलं आणि पान खाली सरकवत गेले, अगदी तळापर्यंत. जिथं चाळीस नावं होती, तिथं एक होतं. आमच्या बंद पडलेल्या ऑफिसचं. अण्णांनी सगळ्यात आधी खोडलेलं. ऑफिस बंद करताना पासवर्ड तिलाही दिला होता, मंदानं ते स्वतः परत टाकलं होतं.

पासवर्ड अजून माझ्याकडे आहे. काढायचं तर पाच मिनिटांचं काम. पण काढायचं तर ज्याचं नाव त्याला विचारायला पाहिजे. मी मावशींना फोन परत दिला आणि म्हटलं, लई उपकार झाले.